२.४ गीगाहर्ट्‌झचा पॅड आणि जुनं कर्नेल: आतापर्यंतची प्रगती

पॅड (गेम कंट्रोलर): एटबिटडू अल्टिमेट, डोंगलवाला, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरवाला. मशीनवर जुन्या कर्नेलचं (सिस्टमच्या गाभ्याचं) लिनक्स. सध्याची स्थिती अशी: डोंगल लावला की पॅड आपोआप उठतो, ट्रिगर पूर्ण रेंज देतात, स्टीम या गेमच्या अ‍ॅपबाहेरचे गेमही पॅड ओळखतात. मेनूत एका दाबाला दोन घरं उडी पडत होती, तेही सुटलं. स्टिकचं काम अजून चालू आहे.

मूळ लक्षण होतं पॅडचा दिवा लागतो, पण गेममध्ये हूं की चूं नाही. अशा वेळी बटणांच्या मॅपिंगला अजिबात हात लावायचा नाही. आधी कर्नेलला पॅड दिसतोय का ते बघायचं. एका टर्मिनलमध्ये 'डीमेसग -डब्ल्यू' (कर्नेलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून पॅड ऑन केला, की डोंगल २डीसी८:३१०९ या क्रमांकावरून २डीसी८:३१०६ वर जातो. पहिला क्रमांक पॅड बंद असतानाचा, दुसरा चालू असतानाचा. ३१०६ दिसून थोड्या वेळात पुन्हा ३१०९ येत असेल, तर पॅडला कोणत्याच ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या कर्नेलच्या भागाने) हातात घेतलेलं नाही, म्हणून तो परत झोपतोय. बॅटरी, रेंज, यूएसबी पोर्ट यांचा इथे काही संबंध नाही.

हा पॅड एक्सबॉक्स ३६० सारखाच बोलतो, म्हणजे काम एक्सपॅड ड्रायव्हरचं. जुन्या कर्नेलमधल्या एक्सपॅडच्या यादीत ३१०६ नाही, नव्यात आहे. कर्नेल बदलणं शक्य असेल तर तोच सरळ मार्ग. नसेल तर 'मोडप्रोब एक्सपॅड' करून ड्रायव्हर लोड करायचा आणि /सिस/बस/यूएसबी/ड्रायव्हर्स/एक्सपॅड/न्यू_आयडी या फाइलमध्ये '२डीसी८ ३१०६' लिहायचं. ड्रायव्हर आधी लोड नसेल तर ही फाइलच अस्तित्वात नसते. दुसरा खड्डा 'सुडो इको' चा (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने आज्ञा चालवणं): बाणाने फाइलकडे वळवणं हे तुमची शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) करते, सुडो नाही, त्यामुळे परवानगी नाकारली जाते. इकोचं आउटपुट पाइपने 'सुडो टी' ला द्या.

रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून यूडेव्हचा (उपकरण जोडल्यावर काय करायचं ते बघणाऱ्या सेवेचा) नियम हवाच. /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये फाइल करा, नावाच्या शेवटी .रूल्स पाहिजेच. व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक जुळवताना दोन बरोबर-चिन्हं लागतात. एकच दिलं तर ती तुलना राहत नाही. वरच्या दोन्ही आज्ञा नियमातल्या रन मध्ये पूर्ण पाथसकट द्या, न्यू_आयडीवाली 'एसएच -सी' मधून, कारण यूडेव्ह स्वतः शेल चालवत नाही. मग 'यूडेव्हएडीएम कंट्रोल --रिलोड' आणि डोंगल काढून पुन्हा लावणं.

परवानगीचा प्रश्न वेगळा. 'सुडो ईव्हीटेस्ट' (पॅडची बटणं-स्टिक थेट दाखवणारी आज्ञा) मध्ये बटणं दिसतात आणि गेममध्ये नाहीत, तर 'गेटएफएसीएल' (फाइलच्या परवानग्या दाखवणारी आज्ञा) ने पॅडच्या इव्हेंट फाइलवर, म्हणजे जिथून त्याची बटणं वाचली जातात तिथे, तुमच्या युजरचं नाव आहे का ते तपासा. नसेल तर नियमात 'यूअ‍ॅक्सेस' टॅग (लॉगिन केलेल्या युजरला परवानगी देणारा) लावा, पण त्या फाइलचा क्रमांक ७३ पेक्षा लहान ठेवा. हा टॅग वाचून पुढची व्यवस्था लावणारा सिस्टमचा नियम ७३ क्रमांकाचा आहे. ९९ ने सुरू होणारी फाइल त्याच्या नंतर वाचली जाते आणि टॅग वाया जातो. स्वतःला 'इनपुट' ग्रुपमध्ये घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. कृपया घालू नका, त्याने तुमचा प्रत्येक प्रोग्रॅम कीबोर्डही वाचू शकतो. फ्लॅटपॅकचं (सिस्टमपासून वेगळ्या कप्प्यात चालणारं) स्टीम असेल तर 'स्टीम-डिव्हायसेस' पॅकेज मूळ सिस्टमवर टाका, फ्लॅटपॅकच्या आतून हे नियम बसवता येत नाहीत.

दोन घरं उडीचं कारण स्टीम इनपुट. तो खऱ्या पॅडच्या जोडीला एक आभासी ३६० पॅड तयार करतो आणि काही गेम दोघांचंही ऐकतात. ईव्हीटेस्टच्या यादीत दोन पॅड दिसले की खात्री झाली. त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम इनपुट बंद केलं की झालं.

आता स्टिक. एक्सपॅडखाली स्टिकची रेंज −३२७६८ ते ३२७६७. ईव्हीटेस्ट चालवून स्टिक चारही दिशांना नेऊन हलकेच सोडा आणि एबीएस_एक्स, एबीएस_वाय कुठे थांबतात ते दरवेळी टिपा. १५०० च्या आसपास थांबली तर ते साधारण ५ टक्के, गेममध्ये ८ टक्के डेडझोन (मध्याजवळची दुर्लक्ष करायची जागा) पुरतो. ६००० म्हणजे १८ टक्के. एवढा डेडझोन दिला तर बारीक नेम धरणं अशक्य होतं, तिथे स्टिकचा भागच बदलावा. 'जेएसकॅल' या आज्ञेने कॅलिब्रेशन करून फरक पडत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. जेएसकॅलची दुरुस्ती फक्त जुन्या जेएस० इंटरफेसला लागू होते, आणि एसडीएल या लायब्ररीवर चालणारे आजचे बहुतेक गेम इव्हेंट फाइल वाचतात. जेएसटेस्टमध्ये स्टिक सरळ झालेली दिसेल, गेममध्ये मात्र तशीच सरकत राहील.

पुढचं काम व्हायब्रेशनचं. 'एफएफटेस्ट' ला तीच इव्हेंट फाइल देऊन जोरकस आणि हलका रंबल वेगवेगळा तपासायचा आहे.