आजीची नागीण, नातवाच्या कांजण्या

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या दवाखान्यात सकाळी पहिलाच पेशंट पाच वर्षांचा मुलगा. कालपासून ताप, पोटापाठीवर पुरळ. गुजराती शेजारणीनं 'अछबडा' म्हणून कडुलिंबाचा पाला दिलेला. निदान बरोबर होतं. कानामागे, केसांच्या कडेला एक ताजा फोड, लाल बुडावर पाण्याचा थेंब ठेवावा तसा. शेजारी नुसता लाल ठिपका, पाठीवर एकाची खपली धरू लागलेली. असं सगळं एकाच वेळी दिसलं, की कांजण्याच.

पण शाळेत, बिल्डिंगमध्ये कुणालाच नव्हत्या. मग आल्या कुठून?

"घरात कुणी आजारी नाही हो, माझी नागीण तेवढी झाली," आजी म्हणाल्या. सतरा दिवसांपूर्वी बरगडीखाली उठलेली, वर गेरूचा लेप, आणि नातू रोज कुशीत. कांजण्या यायला 10 ते 21 दिवस लागतात. हिशेब जुळला.

नागीण म्हणजे आपल्याच जुन्या कांजण्यांचा विषाणू. नसांच्या गाठीत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि उतारवयात एका नसेच्या पट्ट्यात उठतो. नागिणीनं दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडातलं पाणी लागलं तर कांजण्या होतात. स्वच्छ कापडानं फोड झाकले असते तर धोका बराच टळला असता. गेरूनं काही झाकलं जात नाही. मुलाची लसही राहिलेली. सरकारी लसीकरणात ती नाही, दोन डोस विकतचे.

वजन 16 किलो, म्हणून तापापुरतं पॅरासिटामॉल 240 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन बिलकूल नाही. आंघोळ बंद केली होती, ती कोमट पाण्यानं सुरू करायला लावली. अंग टिपायचं, घासायचं नाही. नखं तिथंच कापली, कारण फोड पिकतात ते खाजवल्यानं.

तेवढ्यात मुलाची काकू पाण्याची बाटली घेऊन आत आली. सातवा महिना! लहानपणी कांजण्या आल्या होत्या का, तिला आठवेना. नाशिकला आईला फोन लावला, तर "गोवर होता की कांजण्या, कोण जाणे." लस जिवंत विषाणूची, गरोदरपणी देता येत नाही. मोठ्यांत कांजण्या फुप्फुसात उतरू शकतात. कांजण्यांविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रथिनं, आहेत का ते पाहायला लगेच रक्त पाठवलं. त्या नसत्या तर संपर्कापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, जितकं लवकर तितकं बरं.

सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला काकूपासून लांब ठेवायचं, पण कुणाजवळ? आजींजवळच. त्यांच्या खपल्या वाळल्या होत्या आणि कांजण्या त्यांना पूर्वीच येऊन गेलेल्या. आजींना हे पटायला जरा वेळ लागला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. काकूच्या रक्तात अँटिबॉडी होत्या.