विशाखापट्टणम ते किरंदुल: खनिजाच्या रुळांवरून

अराकूपर्यंत डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बोगदा आला की पोरांच्या आरोळ्या, दरी आली की सगळे खिडकीवर. अराकूला पर्यटक उतरले, डबा ओस पडला. पुढे आमची गाडी क्रॉसिंगला थांबायची आणि लाल धुळीने माखलेल्या मालगाडीच्या वाघिणी शेजारून जातच राहायच्या. या मार्गावर खरा मान त्यांचाच!

युद्धातून सावरलेल्या जपानच्या पोलाद कारखान्यांना कच्चा माल हवा होता, आपल्याला परकीय चलन. १९६० मध्ये करार झाला. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या बैलाडिला डोंगरांतलं लोहखनिज अव्वल, लोहाचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास. पण बंदर आणि खाण यांच्यामध्ये पूर्व घाट आडवा. म्हणून तो फोडून कोत्तवलसा-किरंदुल मार्ग टाकला. शिमिलीगुडाजवळ रूळ जवळपास हजार मीटर उंचीवर जातात. साठच्या दशकात हे ब्रॉडगेजवर केलं, याचं मला खाणीपेक्षाही जास्त अप्रूप वाटलं.

किरंदुलची खाण एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीने १९६८ मध्ये सुरू केली, बचेलीची १९७७ मध्ये. दोन्हीकडे कंपनीच्या वसाहती, आखीव रस्ते, शाळा, दवाखाना. वसाहत ओलांडली की मात्र दंतेवाड्यातलं साधं आदिवासी खेडं लागतं, आणि दोहोंमधला फरक डोळ्यांत खुपतो. शंखिनी नदीत खाणीची लाल माती वर्षानुवर्षं उतरत आली आहे. दंतेश्वरीच्या देवळापाशी ती डंकिनीला मिळते.

बस्तरचं लोखंड बस्तरमध्येच वितळवायला किती काळ लागावा? जगदलपूरजवळच्या नगरनारचा पोलाद कारखाना २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. पहिली खाण सुरू झाल्यावर तब्बल ५५ वर्षांनी. विलंबाला कारणं असतीलही, पण एवढा?

सरकारी कागदांवर इथल्या साठ्यांना १ ते १४ असे नंबर आहेत. त्यांतल्या १३ नंबरचा डोंगर आदिवासींसाठी नंदराज, म्हणजे देव. २०१९ च्या जूनमध्ये हजारो लोक तिर-कामठ्यांसह किरंदुलला येऊन धरणं धरून बसले. खाणीला संमती देणारा ग्रामसभेचा ठराव बनावट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारला तिथलं काम थांबवून ठरावाची चौकशी लावावी लागली.