प्रतवारीच्या मेजावरची निवड

डिचोली तालुक्यात माझा काजूप्रक्रियेचा लहान कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यात प्रतवारी विभागासाठी एक पर्यवेक्षक नेमायचा होता आणि त्या जागेसाठी 23 अर्ज आले.

गोव्यात ओळखीची सुरुवातच ‘तुमी खंयचे?’ या प्रश्नाने होते. उत्तरात गाव कळले, की आडनावावरून जात, धर्म, घराणे आणि बहुधा एखादे दूरचे नातेही निघते. घरी आलेल्या पाहुण्याला हा प्रश्न आपुलकीने विचारला जातो; मुलाखतीत मात्र त्याच्या उत्तरावरच माझे मत ठरत आले होते, हे मागच्या दोन नेमणुका आठवल्यावर मला मान्य करावे लागले. म्हणून या वेळी अर्जांवरील नाव, गाव, वय आणि छायाचित्र लेखनिकाकडून झाकून घेतले व प्रत्येक अर्जाला क्रमांक दिला. जाहिरातीपूर्वीच कामाला काय लागते ते लिहून काढले होते. तेव्हाच पदवीची अट गळून पडली.

निवडलेल्या नऊ जणांना मिश्र काजूगरांचा ट्रे आणि साठ्याच्या नोंदवहीचे एक पान दिले. एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, 240 पर्यंत अख्खे गर भरतात तो डब्ल्यू 240 आणि 320 पर्यंत भरतात तो डब्ल्यू 320. ही प्रत, शिवाय पाकळी, तुकडा आणि करपलेला गर नजरेने वेगळा करणे हेच या कामाचे मर्म आहे. तिघा परीक्षकांनी आपसांत न बोलता गुण दिले. दुपारच्या चौघांना गुण कमी पडलेले पाहून मी चाचणीची जागा पुन्हा तपासली, तर आभाळ भरून आल्याने त्यांना ट्यूबलाइटखाली काम करावे लागले होते, आणि त्या उजेडात पांढरा व किंचित करपलेला गर सारखाच दिसतो. त्या चौघांची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घेतली. त्यांतल्याच एका महिलेची पुढे निवड झाली.

मुलाखतीत सर्वांना तेच पाच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. माझ्या एका सहकाऱ्याला तिला लग्नाविषयी विचारायचे होते. मी ते होऊ दिले नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास 1976 च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे, पण कायदा नसता तरी त्या उत्तराचा काजूच्या प्रतीशी काय संबंध होता?

माझ्या मामांनी ज्याच्यासाठी शब्द टाकला होता, तो मुलगा चौथा आला. मामांना वाईट वाटले आणि त्याचा मला त्रासही झाला. गुणपत्रकात इतरांचे गुण असल्याने ते मी त्यांना दाखवले नाही. त्या मुलाला मात्र बोलावून त्याच्या स्वतःच्या गुणांची फोड समजावली. त्याचा हिशेब अचूक होता, तो प्रतवारीत मागे पडला होता. त्याने तसाच ट्रे पुन्हा मागितला आणि खिडकीपाशी बसून एकेक गर उजेडात धरून पाहिला.