तबला सोडून हे काय ऐकतोस, असं विचारता म्हणून

लग्नाच्या पंगतीत, दिवाळीच्या फराळाला, कधी गाडीत शेजारी बसल्या बसल्या. प्रश्न ठरलेला असतो. "नऊ वर्षं तबला शिकलास, हात एवढा छान बसला होता. ते सोडून हे काय ऐकत असतोस? वीस-वीस मिनिटं एक गाणं, मध्येच तोडतात, मध्येच भलतंच सुरू करतात. यात गाणं कुठंय?" आत्या विचारते, जुने गुरुबंधू विचारतात, ऑफिसातले विचारतात. "आवडतं मला" एवढंच म्हणून मी विषय बदलत आलो. गेल्या महिन्यात आईने विचारलं. तिच्या विचारण्यात काळजी होती, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी त्या "सोडून"बद्दल. मी जे ऐकतो ते प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, मात्रा बदलत जाणाऱ्या गाण्यांचं पाश्चात्त्य रॉक संगीत. त्याच्यापायी मी तबला सोडलेला नाही. दोन्ही एकाच वर्षी घडलं, त्यामुळे सगळ्यांनी, अगदी मीसुद्धा, एकाची गाठ दुसऱ्याशी मारली.

मग लांबीचं. विलंबित एकतालातला ख्याल तुम्ही पाऊण तास मांडी न हलवता ऐकता, आणि मला लांबी विचारता? हे मी पूर्वी तावातावाने म्हणायचो. आता तसं म्हणवत नाही, कारण ते अर्धंच खरं आहे. ख्याल गाता गाता वाढतो, आज गायलेला उद्या तसाच येत नाही. 'येस' या बँडचं 'क्लोज टू द एज' १९७२ साली लंडनच्या स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी वाजवलं गेलं आणि टेप कापून, जोडून एकसंध केलं गेलं. दोन्ही लांब आहेत म्हणून ती एकच गोष्ट होत नाही. विशीत मला हा फरक मान्य करायचा नव्हता. "बघा, त्यांचंही आपल्यासारखंच आहे" हे सिद्ध करण्याची मला फार घाई होती, आणि त्या घाईनेच सगळं बिघडवलं.

कोल्हापूरच्या मामेभावाने मला पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची कॅसेट दिली ती २००३ च्या उन्हाळ्यात. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली, विशारदची तयारी चाललेली. दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं 'मनी'. नाणी खळखळतात, कागद फाटतो, गल्ल्याची घंटा वाजते, आणि हे आवाज ठेक्यात येतात. वेगवेगळे सात आवाज, टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापलेले आणि एकापुढे एक चिकटवलेले. हे मी पुढे वाचलं. त्या दिवशी नुसती बोटं मोजत गेली, आणि सातवर येऊन परत एकवर गेली. मी टेप मागे घेऊन पुन्हा मोजलं. सातच. मला जे झालं त्याला आनंद हाच शब्द आहे. नऊ वर्षं ज्या सात मात्रा मी आमच्या घरच्या समजत होतो, त्या कुणी दूर देशात, आपल्याला न विचारता, स्वतःच्या वाटेने जाऊन शोधल्या होत्या.

ती कॅसेट घेऊन मी गुरुजींकडे गेलो.

गुरुजी मिरजेत राहायचे. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर सतारीसाठी वाळत घातलेले भोपळे दिसायचे. कोपऱ्यात टेपरेकॉर्डर, त्यावर काकूंनी विणलेला रुमाल. त्या टेपरेकॉर्डरवर आम्ही जुन्या उस्तादांचे सोलो ऐकायचो. गुरुजी मध्येच बटण दाबून विचारायचे, "काय वाजलं?" आणि सांगता आलं नाही तर परत लावायचे, रागावायचे नाहीत. त्या दिवशी मी रुमाल बाजूला केला आणि म्हणालो, "गुरुजी, इंग्रजी गाणं आहे, पण रूपक ताल आहे. ऐका तर." माझा रियाझ त्या आठवड्यात झाला नव्हता. ते त्यांनी आल्या आल्या ओळखलं असणार, तरी ऐकायला बसले.

त्यांनी उजवा तळवा मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. नाणी संपून बास गिटार सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या आवर्तनालाच त्यांचा हात चालू लागला. सात मोजत होते. गायन झालं, सॅक्सोफोन झाला, हात चालूच. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो आणि आत फुलत होतो. मग गिटारचा सोलो आला. दोन-तीन मात्रा हात पुढे गेला, अडला, आणि मांडीवर तसाच उताणा पडून राहिला. त्यांनी डोळे उघडले. गाणं संपेपर्यंत मात्र एक शब्द बोलले नाहीत.

संपल्यावर म्हणाले, "सात आहेत. रूपक नाही."

मी म्हणालो, "सात मात्रा म्हणजे रूपकच ना?"

"तीन-दोन-दोनचं वजन कुठाय यात? रूपकात समेवर, पहिल्याच मात्रेला, टाळी नसते, खाली येते, ती कुठाय? मोजून सात भरले म्हणून रूपक होत नाही, बाळ." थोडं थांबून म्हणाले, "आणि ते मधे सातावरून चारावर उतरले. सात पेलवले नाहीत त्यांना."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्यांनी माझा अपमान केला नव्हता. सहा-साडेसहा मिनिटं एक परकं गाणं त्यांनी जितक्या लक्षपूर्वक ऐकलं, तितकं त्यानंतर माझ्यासाठी कुणीही ऐकलेलं नाही. पण मला शाबासकी हवी होती, ती मिळाली नव्हती. मी म्हणालो, "जाऊ द्या गुरुजी, तुम्हाला नाही कळायचं हे."

खोलीत आणखी दोन विद्यार्थी होते. काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या.

"शक्य आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी हातोडी उचलली आणि तबल्याच्या गजऱ्यावर ठोके देत सूर लावायला घेतला. त्यांच्या आवाजात राग असता तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. मी कॅसेट काढली. रुमाल टेपरेकॉर्डरवर परत घालायचा राहिला. चहा न घेता बाहेर पडलो आणि पुन्हा गेलो नाही. पहिला आठवडा लाजेने, दुसरा हट्टाने. मग इंजिनिअरिंगच्या सबमिशन, मग पुणे.

तर हे त्या "सोडून"चं उत्तर. तबला मी या संगीतासाठी सोडला असं सांगितलं की त्यात एक रुबाब येतो, म्हणून कुणी तसं समजलं तर मी कधी खोडून काढलं नाही. आज काढतो.

गुरुजींच्या कानाचं तर विशेष पुढे कळलं. त्या गाण्यात डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण डेव्हिड गिल्मोरने स्वतःचा गिटार सोलो चारात घेतला आणि गायन परत आलं तेव्हा पुन्हा सात धरले. हा बदल का, कशासाठी, यावर रॉक ऐकणारे आजही बोलतात. मिरजेतल्या एका माणसाने, ज्याला बँडचं नावही ठाऊक नव्हतं, पहिल्याच ऐकण्यात तो जोड बोट ठेवून दाखवला होता. "पेलवले नाहीत" हे मात्र मला अजून पटत नाही. सात मात्रांची ती ओढाताण एकदम सुटते आणि गिटार मोकळी धावते, ते मुद्दामच आहे, असं मला वाटतं. हे मी त्यांना शांतपणे सांगू शकलो असतो. त्यांनी ऐकलंही असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, गाणं कुठंय.

हॉस्टेलवर एका सीनियरने एमपीथ्रीची सीडी दिली आणि त्यातून जेनेसिस, येस, किंग क्रिमसन असं सगळं एकदम अंगावर आलं. जेनेसिसचं १९७३ चं 'फर्थ ऑफ फिफ्थ' घ्या. सुरुवातीला टोनी बँक्सचा पियानो एकटा धावतो, मात्रा अशा बदलतात की मोजायला गेलात तर हरवाल, नुसतं ऐकलंत तर वाहत जाल. मग गाणं. मग मध्ये बासरीवर एक साधी, उदास चाल येते आणि जाते. तुम्ही ती विसरता. काही मिनिटांनी स्टीव्ह हॅकेट तीच चाल गिटारवर घेतो, एकेक स्वर इतका लांबवून की गिटारला श्वास आहे असं वाटावं. मागे मेलोट्रॉन. हे वाद्य मला फार प्रिय आहे. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा, त्यावर खऱ्या वाद्यांचे स्वर मुद्रित केलेले. पट्टी दाबली की फीत सरकते, आणि आठेक सेकंदांत संपते. म्हणजे वाजवणाऱ्याला स्वर अखंड धरून बसताच येत नाही, सोडावा लागतो, पुन्हा घ्यावा लागतो. त्या आवाजात जी थरथर आहे ती या फितीची आहे.

'क्लोज टू द एज'मध्ये हेच जास्त मोठ्या पटावर होतं. पाखरं आणि पाण्याचा आवाज, त्यातून एकदम अंगावर येणारी गिटार, सगळी वाद्यं जणू एकमेकांशी भांडतायत. पहिल्या वेळी मी तीन मिनिटांत बंद केलं. चौथ्या-पाचव्या वेळी बाराव्या मिनिटापर्यंत पोचलो. तिथे सगळं निवलेलं असतं आणि चर्चमधला पाइप ऑर्गन उठतो. रिक वेकमनने तो लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये खरोखर जाऊन वाजवला होता. त्यानंतर सुरुवातीची ती भांडणारी चाल परत येते. आता ती भांडत नाही, तिला घर सापडलेलं असतं. मग गाणं उंच जातं, आणि शेवटी पुन्हा पाखरं, पुन्हा पाणी. अठरा मिनिटांचं एकच आवर्तन. समेवर आल्यावर जे होतं तेच माझ्या अंगात होतं, डोकं आपोआप हलतं.

ही सम आहे का? गुरुजी नाही म्हणाले असते. समेवर सगळे मिळून येतात, वाजवणारा, गाणारा, समोर बसलेला, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ती लागते. इथे पाच वेळा ऐकल्यावर लागली, तीही एकट्याला, हेडफोनमध्ये. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढं खरं की वाट बघायला मला तबल्याने शिकवलं होतं. ते नसतं तर तीन मिनिटांनंतर मी परत फिरकलोच नसतो.

सगळंच मला आवडतं असंही नाही. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून येसनेच १९७३ मध्ये चार बाजूंचा, ऐंशीच्या वर मिनिटांचा अल्बम केला. आपल्याकडच्या धाग्यावरचा म्हणून मी मोठ्या आशेने ऐकला. पुष्कळ ठिकाणी नुसता ताणलाय. खुद्द वेकमनला तो पटला नाही आणि तो बँड सोडून गेला. तुम्ही "संपत नाही" म्हणता तेव्हा याच्याबद्दल म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने आहे.

आणि हे सगळं जुनंपुराणं, असंही नाही. डिसेंबर २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लिश बँड आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो या कॉलेज महोत्सवाला आला, तेव्हा पुण्याहून रजा टाकून गेलो. पवईच्या त्या मोकळ्या मैदानात मात्रा मोडणाऱ्या ठेक्यांवर हजारो मुलं एकाच वेळी मान हलवत होती. मोजत कुणीच नव्हतं. तिथे मला गुरुजींची आठवण आली. सगळे मिळून एका जागी येतात ते हे बघा, असं त्यांना दाखवावंसं वाटलं.

त्याच बँडच्या स्टीव्हन विल्सनने २०१५ मध्ये एक अल्बम केला. लंडनमधली एक बाई आपल्या फ्लॅटमध्ये वारली आणि दोन वर्षांहून जास्त काळ कुणाच्या लक्षातही आलं नाही. टीव्ही चालूच होता. या खऱ्या घटनेतून सुचलेली ती गाणी. बाईला बहिणी होत्या, मैत्रिणी होत्या, तरी कुणी दार वाजवलं नाही. मी तो अल्बम रात्री सलग ऐकला आणि सकाळी गुरुजींच्या घरचा पाठ असलेला नंबर फिरवला. बारा वर्षांनी. "हा क्रमांक अस्तित्वात नाही." मिरज काही लंडन नाही, दोन गुरुबंधूंना विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत पत्ता लागला असता. मी विचारलं नाही. काय ऐकायला मिळेल याची भीती वाटली. आजही मला ते आहेत की नाहीत हे माहीत नाही. तुमच्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांनी मला आपणहून सांगू नये, मी विचारीन.

आईने विचारलं त्या रविवारी मी कपाटावरून जोडी खाली काढली. चुंबळी कुरतडल्यासारख्या झाल्यात, तबल्याची शाई एका कडेला उडालीय. जमेल तेवढा सूर लावला, 'मनी' लावलं आणि सातात ठेका धरला. रूपक नाही, त्या बासचं जे वजन आहे ते धरून. बोटं जड होती, तरी सॅक्सोफोन संपेपर्यंत टिकलो. गिटार आली आणि माझा हातही तिथेच अडला. मग चारात शिरलो, ते सोपं गेलं. परत सातावर येताना एक मात्रा हुकली.

पुन्हा पहिल्यापासून लावलं.