तुम्ही विचारलंत म्हणून: वाक्प्रचार पाठ करून घ्यायचे का?

साताऱ्यात पालकसभा संपली की कुणीतरी मागं थांबून विचारतंच, "बाई, पोराला 'कानाडोळा करणे'चा अर्थ सांगता येत नाही. पाठ करून घेऊ का?" पूर्वी मी हो म्हणायचे. आता म्हणवत नाही. साफ नको असंही म्हणवत नाही.

सगळे वाक्प्रचार सारखे अवघड नसतात. तोंडाला पाणी खरंच सुटतं, म्हणून पाच वर्षांच्या पोरालाही ते कळतं. अजिंक्यताऱ्याचा पायथा-माथा बोटानं दाखवता येतो. 'तोंडाला पाने पुसणे' मात्र कुठूनच उलगडत नाही, ते ऐकून ऐकूनच रुळतं. पोटात कावळे ओरडतात म्हटलं की मूल हसतं आणि विचारतं, कारण कावळा पोटात मावत नाही हे त्याला ठाऊक असतं. घोळ होतो तो शब्दशः अर्थही खरा वाटतो तिथं.

दुसरीतल्या एका मुलीची आजी गेली. घरात जो तो सांगत होता, "पहाटे झोपेतच डोळे मिटले." त्या रात्रीपासून पोर झोपेना. आईचा डोळा लागला की ही बोटानं तिची पापणी वर करायची. घरच्यांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. वर्गात डोकं बाकावर, डोळे ताणून उघडे. आठवड्यानं मधल्या सुट्टीत बोलली, "मिटले की उघडत नाहीत ना?" तिचं काय चुकलं? डोळे तर तीही रोज रात्री मिटत होती. अर्थ पाठ असता तर ही भीती टळली असती, असं मला वाटत नाही. लहानांना 'आजी वारली' असं सरळ सांगावं म्हणते, पण सुतकाच्या घरात ते माझ्याही तोंडून निघत नाही.

सॉलोमन ॲश आणि हॅरिएट नर्लोव्ह या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९६० मध्ये अमेरिकेतल्या मुलांना 'गोड', 'थंड' असे शब्द माणसाला लागू पडतात का, हे विचारलं होतं. तीन-चार वर्षांच्यांना फक्त वस्तूच गोड. सात-आठला माणूसही गोड, पण दोन्ही गोडांचा संबंध सांगणं अकरा-बाराच्या आसपास जमलं. मग दुसरीत अर्थ विचारून तुम्ही नेमकं काय तपासता?

त्यापेक्षा चार ओळींची गोष्ट सांगा, वाक्प्रचार शेवटी आणा आणि तीन चित्रं पुढं ठेवा: एक शब्दशः, एक बरोबर, एक गोष्टीत बसणारं पण वाक्प्रचाराशी संबंध नसलेलं. मूल तिसरं उचलत असेल तर ते गोष्टीवरून अंदाज बांधतंय, शब्दांकडे त्याचं लक्षच नाही. आठवड्याला तीनच वाक्प्रचार घ्या. 'हात दाखवणे' चौथीपर्यंत राहू द्या: एसटीला, ज्योतिषाला, नाडी बघायला वैद्यांना आणि फसवायला, चारही ठिकाणी हात तोच.