निरोगी भ्रूण कोणते?
आमच्या नात्यातील, रत्नागिरीजवळच्या एका गावात राहणारे जोडपे, दोघेही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक (म्हणजे स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारे) असल्याचे कळल्यापासून, मुंबईला जाऊन टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार आणि भ्रूणांची जनुकीय तपासणी करून घ्यावी काय, या विचारात आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे गंभीर रूप, असलेल्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि भर पावसात घाटरस्ता बंद असताना ते मिळवणे काय असते, हे कोकणात राहिलेल्यालाच कळेल. म्हणून त्यांचा विचार मला अनैतिक वाटत नाही. २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदाही ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी अशी तपासणी करू देतो, लिंगनिवडीला मात्र मनाई करतो.

अडचण पुढेच आहे. सरासरी निम्मी भ्रूणे त्यांच्यासारखीच वाहक, म्हणजे निरोगी असणार. तीही नाकारायची काय? मला ते पटत नाही, कारण त्या कसोटीला हे दोघे स्वतःही उतरले नसते. उंची किंवा बुद्धी तर असंख्य जनुकांवर आणि संगोपनावर अवलंबून असल्याने भ्रूणावरून तिचे भाकीत विकणाऱ्यांवर मी मुळीच विश्वास ठेवणार नाही.

आता खर्चासाठी आंब्याची बाग गहाण टाकण्याची भाषा सुरू झाली आहे; गर्भ राहीलच याची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, हे त्यांना त्याआधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.