तुम्ही विचारलंत म्हणून: पिंजऱ्यातलं पिल्लूही जीवच ना?

“दुकानातल्या पिंजऱ्यातलं पिल्लूसुद्धा जीवच आहे. मी ते विकत घेतलं तर त्याची सुटकाच होईल. मग तुम्ही लोक ‘विकत घेऊ नका, दत्तक घ्या’ असं का म्हणता?” कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विचारणारी माणसं कोरड्या मनाची नसतात. काचेपलीकडच्या त्या पिल्लात ज्यांचा जीव अडकलाय, तीच विचारतात. म्हणून नुसतं “नका घेऊ” म्हणून मोकळं व्हायला मला आवडत नाही.

पण उत्तर तेच आहे. नका घेऊ. त्या पिल्लाच्या आईसाठी नका घेऊ.

दुकानात पिल्लू दिसतं, आई कधीच दिसत नाही. ज्याने आपल्या कुत्रीची वीण जीव लावून वाढवलेली असते, त्याला पिल्लं कोणाच्या घरी जाणार हे स्वतः बघायचं असतं. तो ती अनोळखी गिऱ्हाइकासाठी काचेत ठेवायला देत नाही. दुकानात येणारी पिल्लं बहुतेक घाऊक पैदाशीच्या ठिकाणांहून, दलालांच्या हातून येतात. तिथला हिशेब साधा आहे. कुत्री सहा महिन्यांची ते वर्षाची झाली की पहिल्यांदा माजावर येते, पुढे बहुधा वर्षातून दोनदा. गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांत विते. पिल्लांवरच पोट असलेल्या माणसाला रिकामा गेलेला प्रत्येक माज म्हणजे तोटा. म्हणून तिच्या शरीराला उसंत मिळत नाही, आणि विणीतली पिल्लं कमी होऊ लागली की तिला ठेवण्याचं कारणही उरत नाही.

“पण आमचा माल परवानाधारक ब्रीडरकडूनच येतो,” असं दुकानात सांगतात. ते खरंही असू शकतं. परवान्यात काय मागितलंय ते मात्र बघायला हवं. अमेरिकेत १९६६च्या प्राणी कल्याण कायद्याखालचे नियम पिंजऱ्याचं किमान माप असं ठरवतात: कुत्र्याची नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्या, तीत सहा इंच मिळवा आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करा. डोक्यावर सहा इंच जागा सोडा. म्हणजे अडीच फूट लांबीच्या कुत्रीला, ती पिल्लांना पाजत नसेल तेव्हा, तीन फूट बाय तीन फूट पुरे, आणि तेवढ्यात तिने वर्षानुवर्षं काढली तरी मापाचा नियम मोडत नाही.

अशा ठिकाणाहून सुटून आलेल्या एका कुत्रीची देखभाल मी केली आहे. तिच्या सुळ्यांची मागची बाजू घासून खाच पडल्यासारखी झाली होती. पिंजऱ्याची तार वर्षानुवर्षं चावत राहिलेल्या कुत्र्यांचे दात असे झिजतात, हे मला पशुवैद्याने दाखवलं. मी खोलीत असेपर्यंत ती अन्नाला तोंड लावायची नाही. मी बाहेर गेले, दार लावलं, की मग भांड्याचा आवाज यायचा. तिची किती पिल्लं किती घरांत लाडात वाढत असतील कोण जाणे, आणि त्या घरांतल्या कोणालाही ती आहे हे माहीत नव्हतं. माझा राग त्या घरांवर नाही. हे माहीत होऊ नये अशीच सगळी मांडणी केलेली असते, राग त्या मांडणीवर आहे.

ही मांडणी मोडायची म्हणूनच इंग्लंडमध्ये ‘लूसीज लॉ’ आला. लूसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची कुत्री. २०१३ साली वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून तिची सुटका झाली, तेव्हा वर्षानुवर्षं कोंडून राहिल्याने तिचे खुबे आखडले होते, पाठीचा कणा वाकला होता. २०१६ मध्ये ती गेली. तिच्या नावाने मोहीम उभी राहिली आणि ६ एप्रिल २०२०पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालची कुत्र्या-मांजरांची पिल्लं दुकानदार-दलालांनी विकायला बंदी आली. पिल्लू हवं असेल तर ते जिथे जन्मलं तिथे जायचं आणि आईजवळ असताना बघायचं. नाही तर दत्तक घ्यायचं. मला हा कायदा फार शहाणा वाटतो. पैदाशीच्या प्रत्येक पिंजऱ्यावर निरीक्षक नेमणं कोणत्याही सरकारला जमत नाही, पण आईला गिऱ्हाइकासमोर आणायला लावलं की तपासणी गिऱ्हाईकच करतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. ते एक पिल्लू. त्याने काय पाप केलं?

काहीच नाही. आणि “तुम्ही घेतलं नाहीत तरी त्याचं भलंच होईल” असं मी तुम्हाला सांगणार नाही. कदाचित त्याची किंमत उतरवून ते दुसऱ्या कोणाला विकलं जाईल. कदाचित ते तिथेच वाढत राहील आणि त्याच्याकडे बघणारं कोणी नसेल. तुमच्या नकाराची झळ त्याला लागू शकते. दत्तक घ्या म्हणणारे आम्ही लोक हे सहसा बोलत नाही, ते बोलायला हवं. पण तुम्ही दिलेले पैसे कुठे जातात? दुकानदाराला रिकामा पिंजरा परवडत नाही. पिल्लू गेलं की दलालाला फोन जातो, दलाल पैदास करणाऱ्याकडे मागणी नोंदवतो, आणि तिथली एक कुत्री पुढच्या माजालाही रिकामी सोडली जात नाही. तुम्ही दयेने पैसे दिलेत की हौसेने, याची नोंद पावतीवर होत नाही. एका पिल्लाच्या सुटकेचा खर्च जर त्याच्या आईने आणखी एका विणीच्या रूपाने भरायचा असेल, तर त्याला सुटका म्हणायला माझं मन तयार होत नाही.

मग त्या पिल्लासाठी काहीच करता येत नाही? येतं. आजारी, खंगलेलं किंवा घाणीत ठेवलेलं दिसलं तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि प्राणी क्रूरतेच्या तक्रारी घेणाऱ्या यंत्रणेकडे लेखी तक्रार द्या. लेखीच द्या, तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. वय विचारा. कुत्र्याचं पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख करून घेतं: माणसं, आवाज, इतर कुत्री, जमिनीचे वेगवेगळे पोत. आईचा आणि भावंडांचा पहिला धडाही तेव्हाच मिळतो, चावा किती जोरात घ्यायचा तो. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला अनेक देशांत मनाई आहे, भारताच्या कुत्र्यांच्या पैदास-विक्रीविषयीच्या २०१७च्या नियमांतही आहे. दुकानात मात्र जितकं लहान तितकं लवकर खपतं. मग शिकण्याचे तेच आठवडे गाडीत, गोदामात आणि काचेमागे जातात.

त्याचे परिणाम पुढे घरात दिसतात. २०१३ साली अमेरिकी पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. पेट शॉपमधून आणलेल्या आणि लहान, बिगर-व्यापारी ब्रीडरांकडून आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांना त्यात वागणुकीविषयी सारखेच प्रश्न विचारले होते. दुकानातून आलेल्या कुत्र्यांत घरच्या माणसांवर धावून जाणं, इतर कुत्र्यांची भीती, एकटं ठेवल्यावरचा आकांत, घरात घाण करणं हे जास्त आढळलं. ही माहिती मालकांनीच दिलेली, आणि दोन्हीकडचे मालकही कदाचित वेगळ्या तऱ्हेचे असतील, तेव्हा सगळा दोष एकट्या दुकानावर टाकता येणार नाही. तरी माझ्या रोजच्या कामात जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. आजारांचंही तसंच. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो, आणि ठिकठिकाणची पिल्लं एका छपराखाली आली की त्याला रान मोकळं मिळतं. अमेरिकेत २०१६ ते २०१८ दरम्यान १८ राज्यांतल्या ११८ माणसांना कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब लावणाऱ्या जंतूची लागण झाली, तिचा माग पेट शॉपच्या पिल्लांपर्यंत गेला. नेहमीची प्रतिजैविकं त्या जंतूवर चालेनात. ज्या १४९ पिल्लांच्या नोंदी तपासल्या त्यांतल्या १४२ पिल्लांना प्रतिजैविकं दिलेली होती, निम्म्याहून अधिकांना तर नुसती खबरदारी म्हणून.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: “म्हणजे विकत घेणारे सगळे वाईट?” नाही. चांगला ब्रीडर आणि दुकान यांना मी एका ओळीत बसवत नाही. चांगला ब्रीडर तुम्हाला आई दाखवतो, तिच्या खुब्यांच्या, डोळ्यांच्या, हृदयाच्या तपासण्यांचे कागद न मागता पुढे ठेवतो, आणि तुमची उलटतपासणी घेतो: घरी दिवसभर कोण असतं, गावाला गेलात तर काय. तो थांबायला लावतो, आणि जमलं नाही तर पिल्लू कोणत्याही वयात परत घेईन असं लिहून देतो. असा माणूस सापडला, आणि विशिष्ट जातीचं कुत्रं हवं असण्याला तुमच्याकडे खरं कारण असलं, तर मी तुम्हाला अडवणार नाही. मन माझं तरीही निवाऱ्याकडेच ओढ घेतं, कारण तिथलं कुत्रं आधीच जन्मलेलं आहे आणि त्याच्या जागी नवं पैदा करून कोणाला नफा होत नाही.

दत्तक घेणंही डोळे उघडे ठेवूनच करायचं. कॅलिफोर्नियाने २०१९पासून दुकानांना फक्त निवाऱ्यातले आणि बचाव संस्थांकडचे प्राणी ठेवायची मुभा दिली, तर काही दलालांनी बचाव संस्थेचा मुखवटा चढवून पैदास केंद्रांतलीच पिल्लं आत आणली. शेवटी २०२१पासून दुकानांतली विक्रीच थांबवावी लागली. तेव्हा ज्या ‘संस्थे’कडे नेहमी फक्त जातिवंत, फक्त लहान पिल्लंच असतात, तिथून मागे फिरा. आणि खऱ्या निवाऱ्यानेही तुम्हाला सगळं सांगायला हवं: कुत्रं मुलांमध्ये कसं वागतं, कशाला घाबरतं, कोणती औषधं चालू आहेत. “सगळं छान आहे” एवढंच सांगणाऱ्यांना पुन्हा विचारा.

ज्यांनी दुकानातून पिल्लू आणलंय आणि हे वाचून ज्यांचं मन खाली गेलंय, त्यांना एवढंच सांगते की त्या कुत्र्यावर भरभरून माया करा. ते तुमचंच आहे. पशुवैद्याला ते कुठून आणलं हे न लपवता सांगा, म्हणजे तपासण्या त्या दिशेने होतील. नसबंदी करून घ्या. आणि कोणी “किती गोड, कुठून आणलं?” असं विचारलं तर नुसता दुकानाचा पत्ता देऊन थांबू नका, आता जे कळलंय तेही सांगा.

राहिला एक प्रश्न, जो लोक जरा संकोचून विचारतात: “आम्हाला पिल्लूच हवंय हो, मोठं कुत्रं नको. निवाऱ्यात मिळेल?” मिळतं, आणि त्यात संकोचण्यासारखं काही नाही. गाभण कुत्र्या येतात, पिल्लांसकट टाकून दिलेल्याही येतात. पिल्लं काही आठवड्यांत घरोघरी जातात. आई मागे राहते, कधी कधी फार काळ. म्हणून पिल्लू बघायला याल तेव्हा ती कोणती ते विचारा, आणि अर्धा तास तिच्याजवळ बसा. घ्यायचं पिल्लूच असेल तर पिल्लूच घ्या. पण तिलाही भेटून जा.